ठेसनाठेसनाचं पाणी

मित्रांनो, हुडकेश्वरच्या या घरात स्वयंपाकघराच्या फळीवर, दोन प्लास्टिकच्या बाटल्यांच्या मागे एक पिवळा, पोट सुटलेला गृहस्थ बसलेला दिसतो ना, तो मी. फिरकीचा तांब्या, वय वर्षं पंचवीस. पुढच्या बाटल्यांपैकी एक निळी आहे आणि एक गुलाबी. पंचफुलाबाईंची भाची जया त्या सीताबर्डीवरून घेऊन आली. त्यांच्याशी माझं भांडण नाही. पण आजवर त्यांचा एकच प्रवास झाला आहे, तोही रामटेकपर्यंत, आणि तेवढ्यावर त्या अशा ऐटीत बसतात की मला हसू येतं. मी हावडा पाहिला आहे. मद्रास पाहिलं आहे. बोधगयेचं पाणी माझ्या पोटात होतं.

गेल्या महिन्यात दारावर भांडेवाली आली. जुनं पितळ द्या, नवा स्टीलचा डबा घ्या, असं ती ओरडत होती. जयाने माझ्याकडे बोट दाखवलं. पंचफुलाबाई गहू निवडत होत्या. मान वर न करता त्या म्हणाल्या, "त्याले हात नको लावू. बाकी काय पाह्यजे ते ने." मला फार बरं वाटलं. त्यांनी असं का म्हटलं, ते तुम्हाला सांगावं म्हणून हा सगळा खटाटोप.

माझा जन्म भंडाऱ्याचा. पितळेच्या भांड्यांचं गाव ते. तिथे नत्थू नावाच्या कारागिराने मला ठोकून ठोकून आकार दिला. माझं अंग घडवायला त्याला एक दिवस लागला आणि तोंडाची फिरकी बसवायला दोन दिवस. "तांब्या कोनी बी ठोकते," तो म्हणायचा, "फिरकीले जीव लागते." माझ्या तोंडाच्या आत आटे पाडलेले आहेत. झाकण त्यांच्यावरून फिरत फिरत घट्ट बसतं, म्हणून मी आडवा पडलो तरी एक थेंब सांडत नाही. वर उचलायला कडी आहे. आतून कल्हई केली की मी आरशासारखा चमकायचो, आणि हे मी स्वतःच सांगतो आहे म्हणून खोटं समजू नका.

एकसष्ट साली पंचफुलाबाईंचे मालक देवाजी नातेवाइकांच्या लग्नाला भंडाऱ्याला आले आणि दुकानात त्यांनी मला उचललं. देवाजी नागपूरला रेल्वेच्या शेडमध्ये फिटर होते. इतर गिऱ्हाइकं माझी चकाकी बघायची, या माणसाने माझी फिरकी कानाजवळ नेऊन सात वेळा उघडली आणि लावली. मग म्हणाले, "आटे सरळ हायेत. बांधा." चकाकीकडे ढुंकूनही न पाहता कोणी माझं कौतुक करावं, असं पहिल्यांदाच घडलं. त्या दिवसापासून मी त्यांचा झालो.

देवाजी आणि पंचफुलाबाई तेव्हा अजनीच्या रेल्वे क्वार्टरमध्ये राहायचे. दोघंच. मूलबाळ झालं नाही, त्याचं दुःख दोघांनाही होतं, पण ते त्याबद्दल बोलत नसत. वर्षातून एकदा रेल्वेचा पास मिळायचा. त्या पासावर जोडप्याने कुठेही जावं. शेडमधली बाकीची माणसं लग्नाकार्याला तो वापरायची, काहींचे तर वाया जायचे. देवाजींना हे पटत नसे. छप्पन साली दोघांनी नागपुरात दीक्षा घेतली होती, त्यामुळे सांची, सारनाथ, बोधगया ही नावं त्यांच्या यादीत सर्वांत वर होती. पण यादी तिथे थांबत नव्हती. भिंतीवर रेल्वेचा नकाशा लावलेला होता आणि जेवताना दोघं त्याच्याकडे बघत जेवायचे.

आता एवढ्या हौशी जोडप्याचे प्रवास अगदी गोडीगुलाबीने होत असतील असं तुम्हाला वाटेल. छे! देवाजी गाडीच्या तीन तास आधी स्टेशनावर जाऊन बसायचे. पंचफुलाबाई लोणच्याची बरणी, ठेच्याचा डबा, दोन गाठोडी आणि एक ट्रंक घेतल्याशिवाय उंबरा ओलांडत नसत. खिडकीवरून तर दर वर्षी भांडण. मद्रासला चार दिवस भाकरी मिळाली नाही, तेव्हा बाई म्हणाल्या, "भात खाऊन खाऊन माह्या पोटाचं तळं झालं. पुढच्या साली तुमच्यासंगं येईन तं नाव बदलून ठेवा." आग्र्याला देवाजींना ताप आला आणि त्यांनी ताजमहाल धर्मशाळेच्या गच्चीवरून, घोंगडी पांघरून पाहिला. पण अजिंठ्याच्या लेण्यात एका चित्रापुढे पंचफुलाबाई अशा बसल्या की दुपारचं जेवणच विसरल्या. चित्रात कोण आहे, काय आहे, देवाजींना काही ठाऊक नव्हतं. तरी ते शेजारी बसून राहिले. "चाला" असं एकदाही म्हणाले नाहीत. आणि पोळा उलटला की बाईच हळूच विचारायच्या, "पासाचा अर्ज केला काय?"

वर्षभर तेलात आणि काजळीत राबणारा फिटर आणि अक्षरओळख नसलेली त्याची बायको. पण सुट्टीत घरी लोळत पडायचं त्यांच्या मनातही येत नसे. मित्रांनो, मी पुष्कळ शिकलेली माणसं पाहिली आहेत. या दोघांइतकी बघायची भूक मी कोणात पाहिली नाही.

मात्र एका गोष्टीवरून त्यांचं खरंखुरं वाजायचं, आणि ती गोष्ट म्हणजे मी. गाडी जरा मोठ्या स्टेशनावर थांबली की देवाजी मला घेऊन खाली उतरायचे. आत घरचं पाणी असेल तर ते रुळांवर ओतून द्यायचे. मग नळाखाली मला धरायचे, आधी विसळायचे, मग भरायचे, पहिला घोट तिथेच उभ्याने घ्यायचे आणि फिरकी लावून परत यायचे. परत आल्यावर निकाल जाहीर होई. इटारशीचं पाणी गोड. बल्लारशाचं कोमट. अमक्या ठिकाणचं जड, डाळ शिजणार नाही.

पंचफुलाबाईंचा जीव तेवढा वेळ टांगणीला. त्या ट्रंकेवर हात ठेवून दाराकडे बघत बसायच्या. "अवो, काहून उतरता? घरचं पाणी होतं ना चांगलं! गाडी सुटून जाईन एखाद्या दिवशी!"

"तू बसून राय वं," देवाजी म्हणायचे. "पाणी पेल्याबिगर गाव समजत नाई. अन् गाडीचं मले नको सांगू. शिट्टीवरून इंजिन ओळखतो मी."

त्र्याहत्तर साली दिवाळीनंतर आम्ही सांचीला निघालो. सकाळची वेळ होती, गाडी आमल्याला थांबली. जवळच्या नळाला पाणी नव्हतं, म्हणून देवाजी मला घेऊन फलाटाच्या पार टोकाला गेले. मला भरलं. फिरकी लावायला घेतली आणि ती तिरपी बसली. आटे एकमेकांवर चढले. दुसरा कोणी असता तर तसाच तिरपा तांब्या घेऊन पळाला असता. पण देवाजी फिटर. तिरपा आटा त्यांच्या डोळ्यांना खपत नसे. त्यांनी फिरकी काढली, फुंकर मारली, पुन्हा लावली. इतक्यात शिट्टी झाली. देवाजी मान न वळवता म्हणाले, "हे आपली नोहे. आपल्या इंजिनाचा आवाज जाडा हाय."

आमल्याला आमच्या गाडीचं इंजिन बदललं होतं. फिरकी छान सरळ बसली, देवाजींनी समाधानाने मान वर केली, आणि शेवटचा डबा फलाट सोडत होता.

ते धावले. मीही कडीवर आपटत आपटत धावलो. पण गाडी कुणाची वाट बघत नाही, आणि ही गोष्ट देवाजीच दर वर्षी तीन तास आधी बाईंना सांगत असत. पास देवाजींच्या खिशात होता. पंचफुलाबाई गाडीत एकट्या, वाचता येत नाही, जवळ तिकीट नाही, आणि आयुष्यात त्या कधी एकट्या कुठे गेल्या नव्हत्या.

पुढे जे झालं ते फक्त त्या दोघांनाच जमू शकलं असतं. देवाजींनी विचार केला, 'पंचफुला ट्रंक सोडून जागची हलणार नाही, मी गाठायला पाहिजे.' एक मालगाडी निघत होती. गार्डने रेल्वेचा माणूस म्हणून त्यांना आपल्या डब्यात घेतलं. तिकडे पुढच्या मोठ्या स्टेशनावर, बैतूलला, पंचफुलाबाईंनी विचार केला, 'हा माणूस हटवादी, जिथं पाण्याला उतरला तिथंच उभा असेल.' त्या ट्रंक, गाठोडी, बरणी सगळं घेऊन उतरल्या आणि उलट दिशेच्या पॅसेंजरमध्ये चढल्या. इतक्या वर्षांच्या संसारात एकमेकांचा स्वभाव दोघांना पुरता ठाऊक झाला होता आणि त्यानेच घात केला.

वाटेत एका लहान स्टेशनावर आमची मालगाडी बाजूला उभी केली. समोरून पॅसेंजर आली. देवाजी गार्डला आपली हकिकत सांगत होते, पाठ रुळांकडे. मी बाकावर, तोंड खिडकीकडे. आणि मित्रांनो, मला त्या पॅसेंजरच्या खिडकीत पंचफुलाबाई दिसल्या. मांडीवर बरणी, डोक्यावर पदर, आणि डोळे रडून लाल. मला नत्थूने तोंड दिलं, पण वाचा दिली नाही. गाडी निघून गेली. माझ्या आयुष्यात इतकं असहाय मला कधी वाटलं नाही.

बैतूलला पोचल्यावर तिथले स्टेशन मास्तर म्हणाले, एक बाई उतरली होती, ती आमल्याला परत गेली. मास्तरांनी आमल्याला फोन लावला. तिकडचे मास्तर वैतागलेले होते. एक बाई आली आहे, तिकीट नाही, पास नाही, मालक रेल्वेत आहेत म्हणते. पण मालकाचं नाव विचारलं तर सांगत नाही. मग खरं कसं मानायचं?

पंचफुलाबाईंनी लग्नानंतर देवाजींचं नाव कधी तोंडातून काढलं नव्हतं. त्यांच्या पिढीतल्या बायका नवऱ्याचं नाव घेत नसत. घ्यायचंच झालं तर सणासमारंभाला, उखाण्यात. बाकी वर्षभर 'अवो' आणि 'ते'.

इकडच्या मास्तरांनी देवाजींच्या हातात फोन दिला. देवाजी ओरडले, "पंचफुले! मी हावो! नाव सांग वं त्याइले, म्हंजे बसू देतीन!"

फोनमधून नुसते हुंदके ऐकू येत होते. मग एक घसा खाकरला, आणि आमल्याच्या स्टेशन मास्तरांसमोर उभ्या असलेल्या पंचफुलाबाई मोठ्याने म्हणाल्या:

"बैतूलची गाडी धरून आमल्याचं ठेसन गाठलं,
देवाजीरावाचं नाव घेते, काळीज माहं फाटलं."

फोन इतका कर्कश होता की सगळ्या खोलीने ते ऐकलं. बैतूलचे मास्तर हसत नव्हते. देवाजी फोन कानाला धरून उभे होते आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी माझ्या झाकणावर पडत होतं.

दुपारी आम्ही आमल्याला पोचलो. पंचफुलाबाईंनी आधी माझी फिरकी काढली आणि निम्मा तांब्या घटाघटा रिकामा केला. मग तोंड पुसून म्हणाल्या, "आता ऐका. यापुढं पाण्याले खाली उतरले, तं मी जन्मात गाडीत पाय ठेवत नाई."

"नाई उतरत," देवाजी म्हणाले. त्यांनी एका शब्दाने वाद घातला नाही.

आम्ही सांची पाहिली. पुढच्या वर्षीही निघालो, त्याच्या पुढच्याही. आणि देवाजींनी शब्द पाळला. घरून भरलेला मी पहिल्या संध्याकाळपर्यंत पुरायचो, मग रिकामा. स्टेशनावर पाणीवाला बादली घेऊन खिडकीपाशी यायचा, माणसं तांबे आणि ओंजळी पुढे करायची, तो वरून लोट्याने पाणी ओतायचा. पंचफुलाबाई प्यायच्या. देवाजी मान हलवायचे. "तहान नाई." ओठ सुकलेले असायचे, आणि मी त्यांच्या मांडीवर कोरडा ठणठणीत. गावांच्या पाण्याचे निकाल बंद झाले. पंचफुलाबाईंना वाटलं, हे रुसले आहेत. त्यांचाही पारा चढायचा. एकमेकांकडे न बघता दोघं अख्खा प्रवास करायची. पोळा उलटला तरी पासाचं कोणी विचारीना. अठ्ठ्याहत्तर साली बोधगयेला निघालो ते केवळ यादीतल्या वरच्या नावांपैकी तेवढं राहिलं होतं म्हणून. हा शेवटचा प्रवास, असं दोघांनीही मनाशी धरलं होतं. मला ते स्पष्ट दिसत होतं आणि माझा जीव तुटत होता.

कटनीला सकाळी गाडी थांबली. पाणीवाला आला. देवाजींनी पुन्हा मान हलवली. त्यांना धड बोलताही येत नव्हतं, घसा इतका कोरडा होता. पंचफुलाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, आणि या वेळी त्यांच्या आवाजात राग नव्हता.

"काहून नाई पेत? खरं सांगा."

देवाजींनी माझी कडी फिरवली. "आमच्या गावी, नरखेडाकडं, विहिरीवर आमाले चढू देत नव्हते," ते म्हणाले. "माय घागर घेऊन खाली उभी राहे, मी तिच्या पायाशी. कोनाच्या मनात आलं तं वरून वतून दे. कधी दुपार होऊन जाये. वरून वतलेलं पाणी मी लय पेलो वं. आता नळाले माह्या हातानं हात लावल्याबिगर घशाखाली उतरत नाई."

"मंग हे मले कधी काहून नाई सांगतलं? मी इचारलं नव्हतं काय?"

"तू इचारत नव्हती. रागावत होती."

पंचफुलाबाई नागपुरातच वाढलेल्या. त्यांच्या मोहल्ल्यात नळ होता. त्यांनी ट्रंकेवरचा हात काढला, माझी कडी धरली आणि उठल्या.

"कुठी चालली?"

"तुमी बसा. पास सांभाळा."

मधल्या स्टेशनावर ट्रंक मागे सोडून कधीही खाली न उतरलेली ती बाई मला घेऊन फलाटावर उतरली. नळावर गर्दी होती. ती रेटून पुढे गेली. नळाला हात लावला. आधी मला विसळलं, मग भरलं, पहिला घोट तिथेच उभ्याने घेतला. सगळं अगदी तस्संच. फिरकी लावली ती तिरपी बसली. तिने काढली, पुन्हा लावली. मी श्वास रोखून धरला होता.

शिट्टी झाली. देवाजी डब्याच्या दारात, एका हाताने दांडी धरून, अर्धे बाहेर लोंबकळत होते. "पंचफुले! पळ वं! गाडी सुटन!" त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. बारा वर्षं खिडकीत बसून बाईंनी काय सोसलं होतं, ते त्या एका मिनिटात त्यांना कळलं असावं.

पंचफुलाबाई मात्र धावल्या नाहीत. सावकाश चालत आल्या, मला आधी वर दिलं, मग स्वतः चढल्या. म्हणाल्या, "काहून ओरडता? ते शिट्टी दुसऱ्या गाडीची होती. आपलं इंजिन अजून पाणी घेऊन राहिलं. मी पाहून आली."

देवाजी मला तोंड लावून प्यायले. थांबून थांबून, पुन्हा पुन्हा. शेवटी मी रिकामा झालो, तेव्हा त्यांनी विचारलं, "कसं वाटलं तुले कटनीचं?"

"जरासं मचूळ हाय," पंचफुलाबाई म्हणाल्या. "पण गाव चांगलं असन."

त्यानंतर सहा वर्षं, देवाजी निवृत्त होईपर्यंत, एकही पास वाया गेला नाही. पाण्याला दोघं आलटूनपालटून उतरायचे. खिडकीत उरलेल्याने ओरडायचं, हेही ठरलेलं होतं. आणि चुकामूक झालीच तर उतरलेल्याने तिथेच थांबायचं, दुसऱ्याने परत यायचं, असा नियम केला होता. तो कधी वापरावा लागला नाही.

मित्रांनो, माझ्या वयाची भांडी तुमच्याही घरी असतील. त्यांना अधूनमधून चिंच लावून घासा. फिरकी तिरपी बसली तर जोर लावू नका, काढून पुन्हा लावा, आटे वर्षानुवर्षं टिकतात. आणि तुमच्या घरातलं कोणी प्रवासात एखादा विचित्र हट्ट धरत असेल, तर त्याला 'का' असं जरूर विचारा. पण उत्तर ऐकायचं असेल तेव्हाच विचारा. पंचफुलाबाईंना तसं विचारायला सतरा वर्षं लागली, आणि त्यातली पाच वर्षं देवाजी तहानलेले होते.